भिंतीतल्या जुन्या टीव्हीच्या वायरीवरून वरच्या मजल्यावर इंटरनेट

नाशिकमध्ये पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोड या भागांतल्या रो-हाउस आणि बंगल्यांत इंटरनेटची अडचण बहुधा एकाच साच्याची असते. फायबरचा राउटर तळमजल्यावर, हॉलमध्ये टीव्हीशेजारी. ऑफिसचं काम किंवा मुलांचा अभ्यास वरच्या खोलीत. मध्ये आरसीसीचा स्लॅब आणि त्यातल्या लोखंडी सळया. राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय तो स्लॅब ओलांडतानाच दमतो, २.४ चा वर पोचतो, पण शेजारच्या घरांच्या वाय-फायच्या गर्दीत अडकतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांत स्लॅबऐवजी जाडजूड भिंती हेच काम करतात.

याच घरांत बऱ्याचदा एक वायर आधीच हॉलमधून वरच्या खोलीत किंवा गच्चीवर गेलेली असते. ती म्हणजे टीव्हीची कोअॅक्शियल केबल, थोडक्यात कोअॅक्स: मध्ये एक तार, तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर तारांची जाळी आणि वरून आवरण. भिंत न फोडता तिच्यातून गिगाबिट वेगाचं इंटरनेट नेता येतं. मात्र ती वायर कुठून कुठे जाते, मध्ये काय काय जोडलंय आणि तिच्यावर आज डीटीएच चालू आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरं हातात आल्याशिवाय एकही वस्तू मागवू नका. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपल्याकडे घराघरांत छत्री आहे आणि काम बहुतेक वेळा तिच्यापाशीच अडतं.

आधी वायर ओळखा

वायरीच्या अंगावर छापलेलं वाचा. आरजी-६ असेल तर उत्तम: ७५ ओहमची, साधारण ७ मिलिमीटर जाड, डीटीएचवाले हीच वापरतात. आरजी-५९ थोडी बारीक, जुन्या केबल टीव्हीत आणि सीसीटीव्हीत सापडते; छोट्या अंतराला चालते. आरजी-११ बोटाएवढी जाड, ती सहसा केबलवाल्याची मुख्य लाइन असते, तिला हात लावू नका. आरजी-५८ दिसायला सारखीच, पण ५० ओहमची, ती या कामाची नाही. छापलेलं काहीच नसेल आणि सोलल्यावर जाळीच्या जागी चार-पाच तारा आणि पातळ चंदेरी कागद निघाला, तर ती स्वस्तातली वायर आहे. तिच्यावर काम होईल, पण पूर्ण वेगाची अपेक्षा ठेवू नका.

आणखी एक सावधगिरी. अलीकडे केबलवाल्याची घरात येणारी काळी, चपटी, बारीक वायर फायबर असते. तिच्या दोन कडांना ताठ तार असते आणि मधल्या काचेच्या धाग्यावरून तुमचं इंटरनेट येतं. कोअॅक्स समजून ती कापली, तर घरातलं इंटरनेटच बंद पडेल.

मग वायरीची दोन्ही टोकं शोधा. दोन्हीकडची यंत्रं काढून ठेवा: सेट टॉप बॉक्स, स्प्लिटर (एका वायरीच्या दोन-चार करणारा डबा), अँप्लिफायर (सिग्नल वाढवणारा), सगळं. वायर मोकळी झाल्यावरही तिच्या जाळीला टेस्टर लावून पाहा. सगळं सुटलेलं असताना टेस्टर पेटला, तर कुठेतरी विजेच्या वायरीशी संपर्क आहे. तिथेच थांबा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

टेस्टर पेटला नाही, तर मल्टिमीटर घ्या. दूरचं टोक उघडं असताना मधली तार आणि जाळी यांच्यात मीटरने काहीच दाखवता कामा नये. मग दूरच्या टोकाला तार आणि जाळी एका छोट्या तुकड्याने जोडा आणि इकडे पुन्हा मोजा. वीसेक मीटर वायरीला १ ते ४ ओहमच्या आसपास आकडा आला, तर वायर अखंड आहे. दूरचं टोक उघडं असतानाच शून्याजवळ आकडा आला, तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा मध्ये एखादा स्प्लिटर लपलाय. माळ्यावर, जिन्याखाली आणि टीव्हीच्या बोर्डाच्या आत शोधा. ७५ च्या जवळ आला, तर कुठेतरी टर्मिनेटर (रिकामं तोंड बंद करणारं ७५ ओहमचं टोपण) किंवा रेझिस्टरवाला सॉकेट आहे. आकडा हजारांत आणि सतत बदलणारा असेल, तर आत पाणी शिरलंय. पाणी जाळीतून पुढे पुढे झिरपत जातं, त्यामुळे असा तुकडा वाळवून उपयोग नसतो. तो बदला.

आधी एकदा ओढून पाहा

कोअॅक्सवरून डेटा नेणारे अडॅप्टर घेण्याआधीची ही पाच मिनिटांची परीक्षा चुकवू नका. एकाने वरच्या बोर्डाशी वायर धरायची, दुसऱ्याने खालून दोन-तीन इंच हलकेच ओढायची. वरचं टोक लगेच आत सरकलं, तर वायर कन्सील्ड पाइपात मोकळी आहे. मग तिच्यामागून कॅट-६ म्हणजे लॅनची केबल ओढून घ्या. ती स्वस्त पडते, पुढे वर्षानुवर्षं टिकते आणि दोन्ही टोकांना वीज खाणारं यंत्र लागत नाही. कॅट-६ साधारण ६ मिलिमीटरची असते, म्हणजे आरजी-६ पेक्षा किंचित बारीकच.

ओढण्यापूर्वी कॅट-६ ला प्लग लावू नका. तिचं आवरण दहा सेंटीमीटर सोला, आतल्या जोड्या कोअॅक्सच्या जाळीला थोड्या थोड्या अंतरावर गुंफा आणि वरून इन्सुलेशन टेप निमुळता होत जाईल असा गुंडाळा. जोडाला गाठ झाली की पहिल्याच एल्बोत अडकते. सोबत नायलॉनची एक दोरीही आत सोडा, पुढच्या वेळी उपयोगी पडते. कॅट-६ वर साबणाचं पाणी किंवा टाल्कम पावडर लावा. एकाने आत ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं, आणि ताकद बेताचीच लावायची: या केबलला ११ किलोच्या वर ताण द्यायचा नसतो, आतल्या जोड्या ताणल्या जाऊन वेग पडतो. मध्येच घट्ट बसली, तर मागे घ्या. जोर केला तर कोअॅक्स तुटते, कॅट-६ आत अडकते आणि दोन्ही जातात. ज्या पाइपात २३० व्होल्टच्या वायरी आहेत, त्यात डेटाची केबल घालू नका.

वायर जागची हललीच नाही, तर बिल्डरने ती पाइपाशिवाय प्लास्टरमध्ये दाबली असेल किंवा स्लॅब भरताना पाइपात सिमेंटचं पाणी उतरलं असेल. हे आपल्याकडे सर्रास होतं. मग त्याच कोअॅक्सवरून डेटा न्यायचा.

मोका म्हणजे काय, आणि डीटीएचशी त्याचं का जमत नाही

कोअॅक्सवरून घरातल्या घरात नेटवर्क नेण्याच्या तंत्राला मोका म्हणतात. वायरीच्या दोन्ही टोकांना एकेक अडॅप्टर लागतो. एका बाजूला लॅनचा पोर्ट, दुसऱ्या बाजूला स्क्रूचा एफ पोर्ट. २०१६ साली आलेलं मोका २.५ हे घेण्याजोगं आहे: २.५ गिगाबिटपर्यंत वेग, एका वायरीवर १६ पर्यंत अडॅप्टर, आणि पिंगमध्ये, म्हणजे उत्तर यायला लागणाऱ्या वेळात, साधारण ३ ते ५ मिलिसेकंदांची भर. व्हिडिओ कॉलला किंवा गेमला ती जाणवत नाही. मोका २.० चे अडॅप्टर मिळाले तरी चालतील, १.१ चे जुने अडॅप्टर १७५ मेगाबिटच्या वर जात नाहीत, ते घेऊ नका. हा वेग सगळ्या अडॅप्टरांत वाटला जातो आणि एका वेळी एकच बोलतो, हेही लक्षात असू द्या.

मोका २.५ चं काम ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. केबल टीव्ही ८६२ मेगाहर्ट्झच्या खाली असतो, त्यामुळे दोघे एका वायरीवर सुखाने नांदतात. डीटीएचचं तसं नाही. गच्चीवरच्या छत्रीच्या तोंडाशी बसवलेला डबा, म्हणजे एलएनबी, जो सिग्नल खाली पाठवतो, तो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो. मोकाचा सगळा पट्टा त्याच्या पोटात आहे. एकाच वायरीवर दोन्ही चालवलं, तर टीव्हीवरचे काही चॅनल जातात आणि इंटरनेटही अडखळतं. शिवाय सेट टॉप बॉक्स त्याच वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. ते अडॅप्टरच्या तोंडाशी गेले, तर अडॅप्टर खराब होऊ शकतो. कुठलाही स्प्लिटर घालून हे जमवता येत नाही. चालू डीटीएचच्या वायरीवर मोका लावायचा नाही, एवढा नियम पाळा.

पण अनेक घरांत फायबर आल्यावर छत्री नुसतीच गच्चीवर गंजत उभी असते, आणि हीच उत्तम संधी. हॉलमधली वायर गच्चीवर गेलेली असते, वरच्या बेडरूममधलीही गच्चीवरच. दोन्ही वायरी एलएनबीपासून सोडवा, मधला स्प्लिटर काढून टाका आणि दोन्ही टोकं एका एफ-८१ जॉइंटरने एकमेकांना जोडा. झाला हॉलपासून बेडरूमपर्यंत अखंड रस्ता. आरजी-६ मध्ये १५०० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण २५ डेसिबल सिग्नल गळतो, म्हणजे पंधरा अधिक पंधरा मीटरच्या जोडीत आठेक डेसिबल. मोकाला हे काहीच नाही.

डीटीएच चालूच ठेवायचं असेल, तर घरात दुसरी मोकळी वायर शोधा. जुन्या केबलवाल्याची वायर बऱ्याच घरांत छत्री लागल्यावर तशीच सोडून दिलेली असते. नाशिक केबल टीव्हीच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ च्या मुदतीत होतं. त्या काळात ज्यांनी केबल सोडून छत्री घेतली, त्यांच्या भिंतीत ती जुनी वायर अजून असण्याची शक्यता चांगली आहे.

काय काय लागेल

मोका २.५ चे दोन अडॅप्टर, एकाच कंपनीचे असले तर बरं. हे गल्लीतल्या दुकानात सहसा मिळत नाहीत, ऑनलाइन मागवावे लागतात. प्लग अमेरिकन निघाला तर चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का ते पाहा आणि मगच साधा कन्व्हर्टर लावा. बाकीचं सामान एम. जी. रोडकडच्या किंवा तुमच्या भागातल्या केबल-सीसीटीव्हीच्या सामानाच्या दुकानात मिळेल: आरजी-६ चे कॉम्प्रेशन एफ कनेक्टर आठ-दहा (दोन-चार वाया जातातच), एफ-८१ जॉइंटर दोन, कोअॅक्स सोलायचा कटर, कॉम्प्रेशन टूल, ११ नंबरचा पाना, आणि गच्चीवर जोड असेल तर आपोआप एकजीव होणारा रबरी टेप व छोटा वॉटरप्रूफ डबा.

केबलवाले लावतात ते हाताने पिळायचे कनेक्टर इथे वापरू नका. टीव्हीला ते चालून जातात, पण दीड गिगाहर्ट्झला थोडा ढिला जोडही सिग्नल परतवतो. या कामातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ कनेक्टरमध्ये सापडतं, म्हणून पुढची कृती घाई न करता करा.

कनेक्टर लावणं

वायरीचं टोक ताजं, काटकोनात कापा. जुन्या टोकाचे चार-सहा इंच काळवंडलेले असतात, ते सरळ टाकून द्या. कटरने दोन टप्प्यांत सोला: टोकाला मधली तार ६ ते ७ मिलिमीटर उघडी, त्यामागे पांढरा फोम तितकाच. जाळीच्या तारा मागे वळवून आवरणावर बसवा. फोमला चिकटलेला चंदेरी कागद तसाच राहू द्या. जाळीचा एकही केस मधल्या तारेला शिवता कामा नये. अडॅप्टरवरचा लाइट लागत नाही अशा अनेक तक्रारी या एका केसाच्या निघतात.

आता कनेक्टर सरळ ढकला. आतून पाहिलं तर पांढरा फोम कनेक्टरच्या तळाशी समतल दिसला पाहिजे आणि मधली तार कडेच्या बाहेर २ ते ३ मिलिमीटर. फोम मागेच राहिला असेल तर दाबू नका, आधी नीट आत बसवा. मग कॉम्प्रेशन टूलने दाबा. जोडताना हाताने घट्ट करा आणि पान्याने पाव फेरा द्या, त्याहून जास्त नको.

भिंतीतल्या मॉड्युलर बोर्डावरचा टीव्हीचा सॉकेट बहुधा पिन खुपसायचा, ९.५ मिलिमीटरचा असतो. तो काढा. त्याच्यामागे वायर स्क्रूखाली दाबलेली असते आणि तिथे सिग्नल वाया जातो. त्याच्या जागी एफ सॉकेट बसवा, किंवा वायरीला थेट कनेक्टर लावून बाहेर काढा.

जोडणी

खाली: राउटरच्या लॅन पोर्टातून पॅच कॉर्ड पहिल्या अडॅप्टरला, अडॅप्टरच्या एफ पोर्टातून भिंतीतली कोअॅक्स. वर: कोअॅक्स दुसऱ्या अडॅप्टरला, त्याच्या लॅन पोर्टातून कॉम्प्युटर, स्विच किंवा वाय-फाय अॅक्सेस पॉइंट. दोन्ही अडॅप्टरांना वीज दिली की मिनिटाभरात कोअॅक्सचा लाइट स्थिर लागतो.

वर जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून वापरणार असाल, तर तो अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका किंवा त्याचं डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि वायर त्याच्या लॅन पोर्टात लावा. नाहीतर घरात दोन नेटवर्क होतात आणि वरून खालचा प्रिंटर दिसत नाही. वरचं वाय-फाय खालच्याशी मेश पद्धतीने आधीच हवेतून जोडलेलं असेल, तर ते यंत्र वायर ओळखून हवेतली जोडणी सोडतं का, हे तपासा. दोन्ही रस्ते एकदम चालू राहिले की डेटा गोल गोल फिरतो आणि घरातलं सगळं नेटवर्क बसतं.

केबल टीव्ही चालू असेल तर दोन गोष्टी वाढतात. एक, केबलवाल्याचा जुना स्प्लिटर बदला. त्यावर ५-१००० लिहिलेलं असतं, म्हणजे मोकाच्या पट्ट्यात तो कसा वागेल याची हमी नाही. ५-१६७५ लिहिलेला, लागतील तेवढ्याच तोंडांचा घ्या, आणि रिकामं तोंड राहिलं तर त्याला ७५ ओहमचा टर्मिनेटर लावा. दुसरं, केबलवाल्याची वायर घरात शिरते तिथेच मोकाचा फिल्टर स्क्रू करा. हा बोटभर लांबीचा तुकडा टीव्हीचा सिग्नल आत येऊ देतो आणि तुमचा मोका बाहेर जाऊ देत नाही. सोसायटीत किंवा सिडकोतल्या चिकटून असलेल्या घरांत तो फार गरजेचा, कारण बाहेरची लाइन शेजाऱ्यांशी जोडलेली असते. त्याच कारणाने अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन मोकाचा पासवर्डही घाला. तो १२ ते १७ आकडी असतो आणि दोन्ही अडॅप्टरांवर एकच लागतो.

रस्त्यात अँप्लिफायर किंवा सर्ज प्रोटेक्टर असेल तर मोका त्याच्या पलीकडे सहसा जात नाही. ते बाजूला काढा.

वेग मोजा, मग भिंतीला लावा

वेग इंटरनेटच्या स्पीड टेस्टने मोजू नका, त्यात कंपनीच्या प्लॅनची मर्यादा मिसळते. खाली एक आणि वर एक लॅपटॉप वायरीने जोडा आणि आयपर्फ ३ हा वेग मोजणारा प्रोग्राम चालवा. लॅन पोर्ट एक गिगाबिटचे असतील तर ९०० च्या वर मेगाबिट यायला हवेत. अडॅप्टरच्या सेटिंगच्या पानावर पीएचवाय रेट, म्हणजे दोन टोकांमधला कोअॅक्सवरचा कच्चा वेग, दिसतो, मोका २.५ ला तो ३००० च्या वर असेल तर वायर निरोगी आहे.

नेमके ९४ मेगाबिट आले, तर कोअॅक्सचा दोष नाही: पॅच कॉर्डची एखादी जोडी तुटली आहे किंवा राउटरचा पोर्टच १०० मेगाबिटचा आहे. पीएचवाय रेट निम्म्यावर असेल तर एकेक कनेक्टर नव्याने लावत जा, गच्चीवरचा जोड पहिला. लाइट लागतच नसेल तर दोन्ही अडॅप्टर एका टेबलावर आणा आणि मीटरभर चांगल्या कोअॅक्सने जोडून पाहा. तिथे लाइट लागला तर दोष भिंतीतल्या रस्त्यात आहे, नाही लागला तर अडॅप्टरमध्ये किंवा पासवर्डच्या फरकात.

वेग फक्त पावसात पडत असेल, तर गच्चीवरचा जोड भिजतोय. वायर डब्यात वरून घालू नका. खालून घाला आणि आत जाण्याआधी खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी झोळावरून टपकून जातं. जोडावर रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळा. उन्हाने तडकलेलं पांढरं आवरण दिसलं तर तेवढी वायर बदला; टेपने ते बरं होत नाही.

मे-जूनमधल्या वळवाच्या विजांचाही विचार करा. जुनी छत्री आणि तिचा लोखंडी खांब यांपासून वायर पूर्ण वेगळी हवी. एलएनबीला लटकलेलं एकही टोक ठेवू नका. तरीही गच्चीवरून गेलेली वायर ही गच्चीवरचीच. कडकडाट सुरू झाला की दोन्हीकडचे एफ कनेक्टर अडॅप्टरपासून सोडवून ठेवणं शहाणपणाचं.

लाइट गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण वरचा अडॅप्टर साध्या सॉकेटवर असतो आणि मग वर इंटरनेट का नाही ते कळत नाही. दोन्ही अडॅप्टर आणि वरचा अॅक्सेस पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस वापरणार असाल तर अडॅप्टरचा व्होल्टेज, अँपिअर आणि पिनची दिशा जुळतेय का, ते लेबलवर वाचा. अडॅप्टर गरम होतात. उन्हाळ्यात माळ्यावरच्या बंद कप्प्यात ठेवू नका.

सीसीटीव्हीची जुनी वायर असेल तर

जुन्या अॅनालॉग कॅमेऱ्याची थ्री-प्लस-वन (तीन साध्या तारा आणि एक कोअॅक्स) वायर गेटपर्यंत किंवा पार्किंगपर्यंत गेलेली असते. तिच्यातली कोअॅक्स फार बारीक, त्यामुळे लांब अंतरावर मोका तिथे दमतो. एका आयपी कॅमेऱ्यापुरतं काम असेल, तर सीसीटीव्हीच्या दुकानात बीएनसी तोंडाचे इथरनेट ओव्हर कोअॅक्सचे कन्व्हर्टर जोडीने मिळतात. ते खालच्या फ्रिक्वेन्सीवर चालतात म्हणून लांब जातात, आणि त्यांचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचा असला तरी कॅमेऱ्याला तेवढा पुष्कळ होतो. कॅमेऱ्याची वीज त्याच वायरीतल्या बाकीच्या तारांतून जाऊ शकते, पण अंतर वाढलं की १२ व्होल्टचे दूरच्या टोकाला कमी होतात. कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्याबरोबर बंद पडत असेल, तर कन्व्हर्टर बदलण्याआधी त्या टोकाला, दिवे चालू असताना, व्होल्टेज मोजा.